साळवे बाईंचा शनिवारचा तास

साळवे बाई वर्गात आल्या की आधी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात तीन भाव लिहायच्या. बटाटा, शेंगदाणा, गोडेतेल. मग हजेरी. पोरं विचारायची, "बाई, आज गणित का बाजार?" बाई खडू झटकत म्हणायच्या, "दोन्ही वेगळं असतं का?"

मी त्या शाळेत खिचडी शिजवायचे. तिसगावच्या पुढं आमचं गाव. हायस्कूल पाचवी ते दहावी. माझी पत्र्याची खोली नववीच्या वर्गाला लागून होती आणि मधल्या भिंतीत एक खिडकी होती, तिचं दार कधी नीट लागलंच नाही. त्यामुळं माझं शिक्षण चौथी असलं तरी नववी मी सहा वर्षं ऐकली.

बाई गणिताच्या. पण शनिवारचा शेवटचा तास त्यांनी मुख्याध्यापकांकडून मागून घेतला होता. नववी-दहावी एकत्र बसायची. वेळापत्रकात त्या तासाला कार्यानुभव लिहिलेलं असायचं. बाई त्यात पैसा शिकवायच्या. कमवायचा कसा ते नाही. हातात आलेला सांभाळायचा कसा, कागदावर काय लिहिलंय ते कसं वाचायचं, नको असेल तिथं नको कसं म्हणायचं. मी तांदूळ निवडताना मनात म्हणायचे, पगारी बाईला हे सुचणारच. आमच्याकडं सांभाळायला असतं काय?

बाई बारीक अंगाच्या, उंच. चष्म्याला काळा दोरा बांधलेला, तो मानेमागून. पर्सची चेन तुटली होती तिला सेफ्टी पिन. सहा वर्षं तीच पर्स, तीच पिन. तिसगावला खोली करून राहायच्या आणि शनिवारी दुपारच्या एसटीनं नगरला जायच्या, सावेडीला, म्हाताऱ्या आईकडं. एसटीत बसायच्या आधी कंडक्टरला तिकीट किती ते विचारायच्या. दर शनिवारी तीच गाडी, तोच कंडक्टर. एकदा तो वैतागून म्हणाला, "बाई, मागच्या शनिवारी होतं तेवढंच." बाई म्हणाल्या, "मग सांगायला काय जातं?"

त्यांचं एक बोलणं पोरांना पाठ होतं. लाजायचं असेल तर वाचून झाल्यावर लाजा. आमच्याकडं कुणी कागद पुढं केला की वाचत बसणं वाईट दिसतं. समोरच्यावर भरवसा नाही असं होतं. म्हणून माणूस न वाचता सही करतो आणि वर म्हणतो, वाचायचं काय त्यात, तुम्ही हायेत ना. बाईंचा सगळा राग ह्या एका गोष्टीवर होता.

एका शनिवारी त्यांनी खिडकीतून हात घातला आणि म्हणाल्या, "मावशी, तराजू द्या." मी दिला. पाच रुपयाचा वेफरचा पुडा फोडून त्यांनी एका पारड्यात ओतला, दुसऱ्यात वजनं टाकून बघितली. सगळ्यात लहान वजनही जड पडलं. मग वजन काढून शेंगदाणे एकेक करून टाकत गेल्या. बारा-तेरा शेंगदाण्यांत काटा मध्ये आला. फळ्यावरच्या भावानं एवढ्या वेफरला बटाटा किती पैशाचा लागला, ते पोरांकडून काढून घेतलं. मागचा एक पोरगा म्हणाला, "बाई, पन चव?" बाई म्हणाल्या, "चवीचे पैसे लागतात, बरोबर. किती लागतात ते आता तुला माहीत झालं. पाहिजे तर दे." आणि तो पुडा सगळ्यांत वाटला. मला खिडकीतून दोन काप दिले. "पैसे गेलेतच, मावशी. टाकून कशाला द्यायचे?"

साडीची गोष्ट त्यांनी मानपानाच्या धड्याला सांगितली. आमच्याकडं लग्न, साखरपुडा, बारसं, काही असलं की सोयऱ्यांच्या बायकांना साड्या नेसवायच्या. नेसवायच्या म्हणजे हातात द्यायच्या. त्या कुणी नेसत नाही. पेटीत जातात आणि पुढच्या कार्यात दुसऱ्या कुणाला दिल्या जातात. बाईंनी भावाच्या लग्नात दिलेल्या एका साडीला पदराच्या उलट बाजूला, काठाजवळ, पेनानं ठिपका दिला होता. सव्वादोन वर्षांनी एका बारशाला तीच साडी बाईंच्याच ओटीत पडली. घडी मोडलेली नव्हती.

"मग माझे पैसे गेले कुठं?" बाईंनी विचारलं. "साडी तर कुणाच्या अंगाला लागली नाही."

"ट्रंकेच्या अंगाला लागली, बाई," एक पोरगी म्हणाली.

वर्ग हसला. बाईपण हसल्या. मीसुद्धा. ते बोलणारी पोरगी माझी नात होती, प्रतीक्षा.

थोरला मुलगा आणि सून दिवाळीनंतर ऊसतोडीला जायचे, ते उन्हाळ्यात परत यायचे. तेवढे सहा महिने प्रतीक्षा माझ्याकडं. तिला दहावीनंतर नगरला सायन्सला जायचं होतं, पुढं नर्स व्हायचं होतं. सुट्टीत कांदे लावायला जायची, त्याची मजुरी बँकेत टाकायची. शिष्यवृत्तीही त्यातच यायची. खातं तिच्या नावावर, सही तिची. दहावीच्या वर्षी खात्यात अकरा हजार चारशे झाले होते. नगरला मेसचे पहिले पाच-सहा महिने त्यात निघणार होते. बापानं फीचं बघतो म्हणून सांगितलं होतं, खाण्याचं हिनं.

पासबुक घरी ठेवत नव्हती. वर्गातल्या एकोणीस पोरींची पासबुकं बाईंच्या कपाटात असायची, खालच्या कप्प्यात, एका टॉवेलात गुंडाळलेली. पोरींनीच सांगितलं होतं ठेवायला. घरी ठेवली की कुणीतरी काढायचं. भाऊ, बाप, चुलता. प्रत्येक पोरीला बाईंनी चिठ्ठी लिहून दिली होती: तुझे पासबुक माझ्याकडे आहे, मागशील तेव्हा देईन. खाली सही. आपल्याच शिष्येला पावती देणारी मास्तरीण मी दुसरी बघितली नाही.

त्याच वर्षी बाईंनी पोरांकडून नाही म्हणायची तालीम करून घेतली. बाई मामा व्हायच्या. पदर कमरेला खोचायच्या, मिशीला पीळ दिल्यासारखं करायच्या आणि एखाद्या पोरीपुढं कागद धरायच्या.

"कर गं सही. गाडी सुटायलीय माझी."

"वाचते, मामा."

"मामावर भरवसा नाय? तुझ्या आईला मी खांद्यावर खेळवलंय."

"भरवसा हाय मामा, पन वाचते."

"लई शानी झाली. शाळेत हेच शिकवत्यात का?"

"व्हय."

पोरं लोटपोट व्हायची. पण सोडायच्या नाहीत बाई. आवाज खाली गेला की परत उभं करायच्या. "खाली बघून नाही बोलायचं. मामाकडं बघून." एक पोरगी चौथ्या वेळी रडली. बाईंनी तिला पाणी दिलं आणि पाचव्यांदा उभं केलं. मी पातेलं घासत ऐकत होते. मला ते नाटक वाटलं. पोरांची करमणूक.

माघ महिन्यात माझ्या धाकट्याचा, गणेशचा, साखरपुडा ठरला. पोरीकडचे लोक बघायला आले तेव्हा त्यांच्यातली एक आत्या मला म्हणाली, "आमच्या थोरलीच्या वेळी सोयऱ्यांनी पंधरा जणींना नेसवल्या हुत्या. तुमचं तुमी बघा म्हना, आमचं काय मागनं न्हाई." असं म्हटलं की मागणंच असतं. माझ्याकडं पैसे नव्हते. थोरल्याला फोन केला तर तो म्हणाला, हिशेब पट्टा पडल्यावर. म्हणजे कारखाना बंद झाल्यावर, उन्हाळ्यात. साखरपुडा आठ दिवसांवर.

मी बँकेतून पैसे काढायची स्लिप आणली आणि प्रतीक्षापुढं ठेवली. ती भाकरी करत होती.

"सही कर हितं."

तिनं हात पुसले. स्लिप उचलली.

"वाचतीस काय? मी हाय ना."

ती माझ्याकडं बघून म्हणाली, "भरवसा हाय आज्जे, पन वाचते."

मी तिच्या तोंडात मारली. पीठ लागलेला हात तिनं गालावर ठेवला, तो पांढरा ठसा मला अजून दिसतो. मग ती म्हणाली, "पासबुक बाईंकडं हाय. आनि मला सही करायची न्हाई."

दुसऱ्या दिवशी शाळेत पालकसभा होती. तीस-पस्तीस माणसं असतील. मुख्याध्यापक दहावीच्या परीक्षेचं सांगत होते. मी खिचडीचं पातेलं तसंच ठेवून व्हरांड्यात गेले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले की साळवे बाईंनी पोरींची पासबुकं कपाटात कोंडून ठेवली आहेत, ती कशासाठी, ते विचारा. लोक उठून उभे राहिले. कुणाला माहीत नव्हतं असं नाही. पण कुणीतरी मोठ्यानं म्हटलं की माहीत असलेली गोष्टही चोरीची वाटायला लागते.

बाई बौद्ध. आमचं गाव जातीचा उच्चार एरवी करत नाही, करायची गरज पडत नाही. मी त्या दिवशी केला. आमच्या पोरींचे पैसे कुणाच्या हातात गेलेत बघा, असं म्हणून पुढं एक शब्द वापरला. तो इथं लिहीत नाही. सगळ्यांना ऐकू गेला. कुणी मला गप्प बस म्हटलं नाही. बाई दारात उभ्या होत्या.

बाई तिथंच सांगू शकल्या असत्या की ह्या मावशीला नातीचे पैसे पाहिजेत, साड्या घ्यायला, आणि काल पोरीला मारलं. प्रतीक्षानं सकाळीच त्यांना सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. त्यांनी बोटांचा खडू रुमालाला पुसला, कपाट उघडलं, टॉवेल आणून टेबलावर सोडला. एकोणीस पासबुकं मोजली. एक वही काढून रेघा मारल्या, प्रत्येक ओळ लिहिली. पालकांना एकेक बोलावून पासबुक दिलं आणि वही पुढं केली.

माझी पाळी आली. बाई म्हणाल्या, "वाचा मावशी, मग सही करा."

सगळे बघत होते. मी पेन ओढून घेतलं आणि न वाचता सही केली. मोठी केली, दोन ओळींत.

सोमवारी मी प्रतीक्षाला घेऊन तिसगावला बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसानं तिला विचारलं, "काढायचे ना, बाळा?" तिनं माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. मग स्लिप हातात घेऊन वाचली. तारीख, नाव, अकरा हजार तीनशे अंकात, अकरा हजार तीनशे अक्षरात. ओठ हलत होते. मागं रांग कुरकुरत होती. पूर्ण वाचून झाल्यावर तिनं सही केली. खातं बंद पडू नये म्हणून शंभर ठेवले, तेवढंही तिनंच सांगितलं. ते शंभर मी दुसऱ्या दिवशी काढवून घेतले. काउंटरवरचा म्हणाला, खातं राहतं शून्यावरही.

पंधरा साड्या आल्या. चार दिवस घरात थप्पी होती.

शनिवारचा तास बंद झाला. मुख्याध्यापकांनी त्या वेळेला कवायत लावली. जूनमध्ये संस्थेनं बाईंची बदली जामखेडला केली. तिथून दर शनिवारी सावेडीला जायचं म्हणजे घरी पोचेपर्यंत दिवस संपायचा. जाण्याच्या दिवशी बाई खिडकीशी आल्या. मला वाटलं आता बोलतील. त्यांनी माझा तराजू परत दिला, तो त्यांच्याकडं राहिला होता. म्हणाल्या, "पारडं थोडं वाकडं आहे, मावशी. डावीकडं जास्त घेतं. सरळ करून घ्या." आणि गेल्या. मी दुपारी ते पारडं बघितलं. होतं वाकडं.

प्रतीक्षा नगरला गेली नाही. तिसगावच्या कॉलेजात आर्ट्सला बसली. आता सावेडीत एका मेडिकलच्या दुकानात काउंटरवर असते, तीन पोरी मिळून खोली करून राहतात. दिवाळीला येते. माझ्याशी नीट बोलते, औषधं आणते, गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख मला वाचून दाखवते. त्यापलीकडं काही बोलत नाही. मीही विचारलं नाही.

यंदा उन्हाळ्यात गणेशच्या सासरच्या भावकीत बारसं होतं. मला साडी दिली. मोरपंखी. घरी येऊन पेटीत टाकायची म्हणून घडी उलटी केली तर पदराच्या मागं, काठाजवळ, निळ्या पेनाचा ठिपका. मी दारात उजेडाला नेऊन बघितला. मग बसले. पंधराही साड्यांना दिला असेल प्रतीक्षानं. त्या चार दिवसांत, मी घरात नसताना. शाळेत शिकवलेलं पोरीनं केलं होतं, आणि मला चार वर्षांत एका शब्दानं कळू दिलं नव्हतं.

साडी पिशवीत घालून मी सावेडीला गेले. बाईंचा पत्ता शाळेच्या शिपायाकडून घेतला. त्या मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. आई वारली, आता एकट्याच. दार त्यांनीच उघडलं. चष्मा नवा, दोरा तोच काळा.

"गिरजामावशी," त्या म्हणाल्या. "या."

मी साडी टीपॉयवर ठेवली. "उलटी करून बघा, बाई."

त्यांनी डोळ्याजवळ नेली. बराच वेळ बघितली. "हिला चार वर्षं लागली," त्या म्हणाल्या. "माझी सव्वादोन वर्षांत आली होती."

मी म्हणाले, "तुमची माफी मागायला आले."

"कशाची?"

"त्या दिवशी बोलले त्याची."

"काय बोललात?"

मला तो शब्द परत म्हणता येईना. त्यांच्या घरात, त्यांच्या भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीखाली. मी पदराशी चाळा करत बसले. बाई थांबल्या. चांगल्या थांबल्या, वर्गात उत्तर येईपर्यंत थांबायच्या तशा. मग म्हणाल्या, "तुम्हाला म्हणवत नाही. मला ऐकावं लागलं." आणि उठून चहा ठेवायला गेल्या.

मला वाटलं होतं, म्हणतील जाऊ द्या, झालं गेलं. नाही म्हणाल्या. चहा मात्र चांगला होता, आलं घातलेला.

चहा पिताना त्यांनी विचारलं, "त्या वहीत तुम्ही सही केलीत, वर काय लिहिलं होतं माहीत आहे?"

"पासबुक मिळालं म्हनून."

"पासबुक मिळालं. आतील पैसे मुलीचे आहेत, तिच्या मर्जीशिवाय काढणार नाही. एकोणीस ओळींत तेच लिहिलं होतं. सात जणांनी वाचलं. त्यातल्या दोघांनी भांडून सही केली नाही. मला ते दोघं बरे वाटले."

मी कप खाली ठेवला. त्या सोमवारी बँकेत गेले तेव्हा मी लिहून दिलेलं मोडायला गेले होते, आणि मला माहीतही नव्हतं.

"ही साडी ठेवून घ्या," मी म्हणाले.

"माझी कुठं आहे? तिची आहे."

"ती घेईल का?"

"ते तिला विचारा. तेवढंच राहिलंय, मावशी. विचारायचं."

मग त्यांनी लग्नपत्रिकेचं एक पाकीट फाडून पाठकोऱ्या बाजूला लिहायला घेतलं. मला पगार किती मिळतो विचारलं, निराधारचे किती येतात विचारलं, औषधाला किती जातात विचारलं. अकरा हजार चारशे. महिन्याला पाचशे. बावीस महिने पाचशे आणि तेविसाव्या महिन्यात चारशे.

"आनि व्याज?" मी विचारलं.

पहिल्यांदा त्या थोड्या हसल्या. "खिडकीतून बरंच ऐकलं म्हणायचं तुम्ही. व्याज तिनं ठरवायचं."

मी पेन घेतलं. त्यांनी कागदावर हात ठेवला. मी चष्मा काढला, लावला आणि अक्षराखाली बोट धरून वाचलं, मोठ्यानं. मी गिरजाबाई, माझी नात प्रतीक्षा हिचे पैसे तिला मारून व तिच्या मर्जीविरुद्ध काढले, ते पुढीलप्रमाणे परत करीन. मारून हा शब्द मी सांगितला नव्हता. तो कुणी सांगितला ते मला माहीत होतं. मी दोनदा वाचलं. मग सही केली, एका ओळीत मावेल एवढी.

गावात मी हे अजून कुणाला सांगितलेलं नाही. व्हरांड्यात पस्तीस माणसं होती, त्यांच्यापुढं परत उभं राहून सांगायला पाहिजे. बाईंनी ते मागितलं नाही. मागितलं असतं तर मी काय म्हणाले असते, मला सांगता येत नाही.

बाई फाटकापर्यंत आल्या. रिक्षा थांबवली. मला पिशवीसकट आत बसवलं आणि रिक्षावाल्याच्या बाजूला जाऊन वाकल्या. मग माझ्याकडं बघून विचारलं, "काय सांगू मावशी? स्टँड का प्रतीक्षाचं मेडिकल?"

रिक्षावाला आरशात बघत होता. मांडीवर साडीची पिशवी, तिच्यावर ते पाकीट.

"मेडिकल," मी म्हणाले.

"किती घेणार?" बाईंनी त्याला विचारलं. तो म्हणाला चाळीस. बाई म्हणाल्या तीस. तो म्हणाला बसा. बाई माझ्याकडं वळल्या. "तीस ठरलेत. उतरल्यावर चाळीस म्हणेल. द्यायचे नाहीत."

रिक्षा हलली. मी मागच्या काचेतून बघितलं. फाटकाशी उभ्या होत्या, चष्मा दोऱ्यावर खाली लोंबत होता, आणि मी विसरू नये म्हणून एक हात वर करून तीन बोटं दाखवत होत्या. रिक्षा वळेपर्यंत तो हात खाली आला नाही.